पात्यावरचं नाव

दारावरच्या पाटीवर लिहिलंय, विकास अधिकारी.
आई अजून विचारते, कसला विकास, कुणाचा?
मी सांगते, मागते गं. पगार घेऊन मागते.
ते तिला कळतं. देवस्थानात बाबा हेच करायचे,
फक्त त्यांच्या पावतीवर देवीचं चित्र असायचं.

शिरोड्याच्या टेकडीवर आमचं कॉलेज.
तीनशे बारा मुलं,
ग्रंथालयाच्या छपरावर रेललेला एक काजू,
तत्त्वज्ञानाला सात जण.
माझ्या खणात तीन याद्या:
देणारे, देऊ शकणारे,
आणि ज्यांचे फोन लागत नाहीत ते.
तिसरी सगळ्यांत लांब.

रात्री साडेअकराला ग्लेन बार्रेटो लिहितो,
बी.ए. इतिहास, आता क्रूझवर आचारी:
मॅडम, सर अजून तो नकाशा उलटा लावतात?
लावतात, ग्लेन.
दोन हजार रुपये. मी पावती करते
आणि सोबत उलट्या नकाशाचा फोटो जोडते.

हाताखालच्या नव्या मुलीला मी शिकवते:
आधी घरच्या चवथीची विचारपूस,
आकडा सर्वांत शेवटी, आणि सांगून झाला की गप्प बसायचं.
कितीही वेळ.
मला स्वतःला ते अजून जमत नाही.

मंगळवारी सगुणबाब लोटलीकर आले.
खाणी बंद पडल्यापासून त्यांच्या बार्जी
झुआरीत गंजत उभ्या, आणि किनाऱ्यावर तीन हॉटेलं.
बूट दाराबाहेर काढले, देवळात काढावेत तसे.
मी आकडा सांगितला. पन्नास लाख.
गप्प बसले. तेही गप्प.
पंखा तेवढा कुरकुरत होता.

"बाये, तत्त्वज्ञानाक कितलीं भुरगीं?"
सात.
"सात माणसांचं तर माझ्या हॉटेलात एक टेबल होतं."
ते बंद करा, म्हणाले, हॉटेल मॅनेजमेंट काढा,
एक कोटी देतो.
आणि खिडकीबाहेर बघू लागले,
जणू आकडा भलत्याच कुणी उच्चारला.

मी मनातल्या मनात कोटीची छपरं घातली.
वसतिगृह बांधलं, वर पाण्याची टाकी बसवली.
त्या सात जणांना कुठे बसवावं, ते काही सुचेना.
मंडळापुढे ठेवते, म्हटलं.
आमच्या धंद्यात हे नाही नसतं, होही नसतं.

तेवढ्यात वीज गेली.
पंखा मंदावत मंदावत थांबला
आणि पात्यावर, लाल ऑइलपेंटात, जरा तिरकं:
पिएदाद कुलासो, बी.ए. तत्त्वज्ञान, १९८४, हिजकडून.

अकरा वर्षं बसतेय मी या पंख्याखाली.
वीज तर दिवसाआड जाते.

सगुणबाबांनी चष्मा लावला, मान वर केली.
"हिणें कितले दिल्ले आसतले?"
जुनं रजिस्टर कपाटात होतं, कडा वाळवीने खाल्लेल्या.
चारशे वीस रुपये. तीन हप्त्यांत.
तिसरा चार महिने उशिरा.

ते हसले नाहीत.
आम्ही दोघं घाम पुसत
एका मुलीचं नाव वाचत बसलो,
जिचं पुढे काय झालं
दोघांनाही ठाऊक नव्हतं.

मग वीज आली. नावाचं आधी लाल वर्तुळ झालं,
मग नुसता वारा.

बूट घालताना, वाकूनच, त्यांनी विचारलं,
"फिरताना दिसेल असं नाव लिहिता येतं का हो?"
चौकशी करते, म्हटलं.

ते गेल्यावर पिएदादला शोधलं.
तिसरी यादी, पान चौदा. गाव राय.
टेलिफोन पाच आकडी, तोही पेन्सिलीने.
तरी फिरवला.
हा क्रमांक अस्तित्वात नाही, असं एक बाई
एकामागून एक तीन भाषांत सांगत राहिली.
तिसरी संपेपर्यंत मी फोन ठेवला नाही.